वकील कोणाचा?

शब्दांची चिकित्सा करतांना विद्वान् मंडळी बहुधा दुर्मिळ शब्दांच्या मागें लागतात. एखाद्या जुन्या पोथींतला विसरलेला शब्द सांपडला कीं त्यावर निबंध लिहिले जातात. परंतु जो शब्द रोज वर्तमानपत्रांत, शेजारच्या दारावरील पाटीवर आणि भाऊबंदकीच्या प्रत्येक भांडणांत समोर येतो, त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाहीं. 'वकील' हा असाच एक शब्द आहे. त्याचा अर्थ विचारला तर शाळेंतला मुलगा 'कोर्टांत भांडणारा' असें उत्तर देईल, आणि सुशिक्षित गृहस्थ 'कायदा जाणणारा' असें म्हणेल. आमच्या मतें हीं दोन्ही उत्तरें अपुरीं आहेत. पहिलें स्थळावरून दिलेलें आहे, दुसरें विद्येवरून. खुद्द शब्द मात्र स्थळहि सांगत नाहीं आणि विद्याहि सांगत नाहीं. तो जें सांगतो तें निराळेंच आहे. आणि तें विसरल्यामुळें कायद्याच्या मराठी परिभाषेचें काय होत आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

'वकील' हा मूळचा अरबी शब्द. ज्या धातूपासून तो निघाला त्याचा अर्थ सोंपविणें, भरंवशानें दुसऱ्याच्या हवालीं करणें असा आहे. तेव्हां वकील म्हणजे ज्याच्यावर कोणीं आपलें काम सोंपविलें आहे तो. फारशीच्या वाटेनें हा शब्द आमच्याकडे आला त्या वेळीं न्यायकचेरीशीं त्याचा विशेष संबंध नव्हता. १६७४ मध्यें शिवराज्याभिषेकाच्या प्रसंगीं रायगडावर आलेल्या हेन्री ऑक्झिंडेनला आमचे इतिहासकार इंग्रजांचा वकील म्हणतात. दिल्लीच्या दरबारीं पेशव्यांचें काम पाहणारे हिंगणे हे वकील. १७८६ मध्यें पुण्यास येऊन राहिलेला मालेट हाहि वकीलच. १७८४ मध्यें बादशहानें पेशव्यास 'वकील-इ-मुतलक' ही पदवी दिली, आणि १७९२ मध्यें महादजी शिंद्यांनीं पुण्यास थाटाचा दरबार भरवून ती सवाई माधवरावांना अर्पण केली. त्या पदवीचा अर्थ बादशहाचा सर्वाधिकारी प्रतिनिधि असा होता. यांपैकीं एकानेंहि कायद्याचें पुस्तक उघडलेलें असण्याची जरुरी नव्हती. जरुरी होती ती एवढीच, कीं त्याच्या पाठीशीं दुसरा कोणी तरी असावा, आणि त्यानें उच्चारलेला शब्द त्या दुसऱ्याचा शब्द म्हणून मानला जावा.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. 'वकील' हा शब्द एकटा उभा राहूं शकत नाहीं. त्याला षष्ठी लागते. 'बाप', 'शेजारी', 'जामीन' हे शब्द ऐकल्याबरोबर जसा 'कोणाचा?' हा प्रश्न मनांत उठतो, तसा तो 'वकील' म्हटल्याबरोबरहि उठला पाहिजे. 'सुतार' किंवा 'वैद्य' म्हटल्यावर तो उठत नाहीं; कारण त्या शब्दांत धंदा आहे, नातें नाहीं. 'सरकारी वकील' हाच शब्द पाहा. ज्याच्या घरीं चोरी झाली तो फिर्यादी समजतो कीं हा आपला वकील. आणि आपल्या मनांतलें सारें त्यानें बोलावें अशी अपेक्षा धरून शेवटीं तो निराश होतो. शब्द तर पहिल्यापासून स्पष्ट सांगत होता कीं तो सरकारचा, म्हणजे सर्व समाजाच्या वतीनें उभा राहणारा आहे, एका फिर्यादीचा नव्हे. षष्ठी नीट वाचली असती तर निम्मा गैरसमज टळला असता.

आतां इंग्रजीकडे पाहूं. 'लॉयर' हा शब्द 'लॉ' या शब्दापासून, म्हणजे कायद्यापासून, झाला आहे. करवतीनें लांकूड कापणाऱ्यास इंग्रजींत जसें करवतीवरून 'सॉयर' हें नांव मिळालें, तसेंच हेंहि. 'बॅरिस्टर' हें नांव कठड्यावरून पडलें. परंतु त्याच भाषेंत 'ॲटर्नी' आणि 'ॲडव्होकेट' असे दुसरे दोन शब्द आहेत. पहिला जुन्या फ्रेंचमधून आला व त्याचा अर्थ 'नेमलेला' असा होता; दुसरा लॅटिनमधून आला व त्याचा अर्थ 'मदतीस बोलावलेला' असा होता. म्हणजे इंग्रजांनीं या एका पुरुषाला तीन बाजूंनीं पाहिलें: तो काय जाणतो, कोठें उभा राहतो आणि कोणाच्या हांकेला ओ देतो. मराठींत या तिसऱ्या दृष्टीनें पाहणारा एकच शब्द रूढ झाला, आणि तो दिवाणखान्यापासून शेताच्या बांधापर्यंत सर्वत्र चालला. हें आम्ही भाषेचें दारिद्र्य समजत नाहीं. कायदा पुस्तकांतहि सांपडतो. दुसऱ्यासाठीं बोलणारा मनुष्य तेथें सांपडत नाहीं.

वकिलाचा जोडशब्द 'अशील' हा तर याहून मननीय आहे. हिंदीमध्यें ज्याला 'मुवक्किल' म्हणतात, म्हणजे 'सोंपविणारा', त्याला मराठीनें त्याच धातूंतला शब्द न देतां 'अशील' म्हटलें. हाहि अरबीच, पण त्याचें कूळ 'अस्सल' या शब्दाचें आहे. अशील म्हणजे मूळचा, मुख्य. खरा पक्ष तो, आणि वकील ही त्याची प्रतिमा, असा या जोडीचा अर्थ. दुर्दैवानें कानाला संस्कृताची संवय झालेल्या मनुष्यास या शब्दांत 'अ' अधिक 'शील', म्हणजे ज्याला शील नाहीं तो, असा भास होतो, आणि विनोदी लेखकांनीं त्याचा लाभ उठविल्यास नवल नाहीं. वस्तुतः अर्थ नेमका उलट आहे. वकिलाच्या कचेरींत बाकावर दोन दोन तास अंग चोरून बसणारा, 'साहेब, माझ्या कामाचें काय झालें?' असें विचारतांना चांचरणारा जो खेडवळ मनुष्य, तोच भाषेच्या हिशेबीं अस्सल आहे. खुर्चीवर बसलेला त्याचा प्रतिनिधि आहे. व्यवहारानें हें नातें उलटें केलें तरी शब्दानें अजून आपली साक्ष फिरविलेली नाहीं.

न्यायाच्या परिसरांतले आणखी कांहीं शब्द घेतले तर हीच दृष्टि दिसून येईल. 'फिर्याद' हा फारशी शब्द. त्याचा मूळ अर्थ आक्रोश, मदतीसाठीं मारलेली हांक. तिला जोडून येणारा 'दाद' हा शब्दहि फारशी. त्याचा अर्थ न्याय. म्हणजे फिर्याद ही हांक आणि दाद हें तिचें उत्तर. 'तक्रार' हा अरबी शब्द. त्याचा मूळ अर्थ पुनरुक्ति, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणें. ज्यानें एखाद्या कचेरींत आपल्या कामासाठीं हेलपाटे घातले असतील त्याला पुनरुक्तीपासून तक्रारीपर्यंतचा हा अर्थप्रवास समजावून सांगावा लागणार नाहीं. 'कैफियत' हा शब्द 'कसें' या अर्थाच्या अरबी शब्दापासून निघाला: कसें झालें तें सांग, असें विचारल्यावर मनुष्य जें सांगतो ती कैफियत. दिवाणी दाव्यांत प्रतिवादी लेखी कैफियत देतो, आणि सासुरवाशीण माहेरीं येऊन आईजवळ आपली कैफियत मांडते. शब्द एकच, कचेरींतहि तो परका नाहीं आणि स्वयंपाकघरांतहि नाहीं. 'मुन्सफ' या जुन्या हुद्द्याच्या नांवांत 'निम्मा' या अर्थाचा धातु आहे. दोघांमध्यें सारखे दोन भाग करणारा तो मुन्सफ. हे शब्द परके होते हें खरें. परंतु ते आमच्याकडे आले ते माणसाच्या तोंडून निघालेल्या हांकेचे आणि गाऱ्हाण्याचे शब्द म्हणून, आणि म्हणूनच ते राहिले.

मराठीनें त्यांना जसेच्या तसे ठेवलें असेंहि नाहीं. 'राजीनामा' हा शब्द पाहा. पेशवाईंत तंटा पंचांपुढें जाण्यापूर्वीं, 'पंच देतील तो निवाडा आम्हांस कबूल' असें दोन्ही पक्ष राजीखुषीनें लिहून देत, तो राजीनामा. पुढें इंग्रजी अमदानींत शेतकरी जमिनीवरचा हक्क सोडतांना जो कागद लिहून देई त्यालाहि राजीनामा म्हणूं लागले. आणि आतां तर मंत्री खुर्ची सोडतांना देतो तो राजीनामा, मग त्यांत राजीखुषीचा अंश असो वा नसो. त्याच पंचायतींत जिंकणाऱ्याकडून 'हरकी' घेत आणि हरणाऱ्याकडून 'गुन्हेगारी'. हे दोन शब्द त्या अर्थानें पद्धतीबरोबरच गेले. संस्कृतानेंहि आपला वांटा उचलला आहे. 'साक्षी' म्हणजे ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें तो. यापरता चोख शब्द कोणत्या भाषेंत सांपडणार? उलट 'शिक्षा' या शब्दाचा संस्कृतांतला अर्थ शिकविणें. मराठींत ती तुरुंगांत भोगण्याची वस्तु झाली. शिक्षक आणि शिक्षा हे एका घरचे शब्द आहेत, हें आमच्या विद्यार्थ्यांना मात्र कधीं सांगावें लागत नाहीं.

येथें कोणी विचारील कीं, परक्या भाषेंतून शब्द येण्यापूर्वीं आमच्याकडे ही संस्थाच नव्हती काय? धर्मशास्त्रांत तिचा अंकुर दिसतो. जो भाऊ नव्हे, बाप नव्हे, मुलगा नव्हे आणि पक्षकारानें नेमलेलाहि नव्हे, अशा मनुष्यानें दुसऱ्याच्या व्यवहारांत तोंड घातलें तर तो दंडास पात्र होतो, असें नारदस्मृति सांगते. आणि अशा मनुष्याला ती 'परार्थवादी', म्हणजे दुसऱ्यासाठीं बोलणारा, असें नांव देते. या नियमांत एक सूक्ष्म विवेक आहे. दुसऱ्यासाठीं बोलणें हें पाप नव्हे. त्यानें न सोंपवितां बोलणें हा अपराध. नात्यानें किंवा नेमणुकीनें अधिकार मिळाला कीं तेंच बोलणें कर्तव्य होतें. नारदाचा हा 'नेमलेला' आणि अरबांचा 'सोंपविलेला' यांत अंतर तें किती? मराठ्यांच्या पंचायतींत आजच्या अर्थाचा धंदेवाईक वकील दिसत नाहीं. तो इंग्रजी न्यायालयांबरोबर आला. बंगाल्यांत १७९३ च्या सातव्या रेग्युलेशनानें सनदी वकिलांची व्यवस्था झाली, आणि मुंबई इलाख्यांत १८२७ च्या एल्फिन्स्टनच्या कायदेसंग्रहानें न्यायालयांची घडी बसविली. दरबारांतला वकील तेव्हांपासून कोर्टांत उभा राहिला. राज्यें गेलीं, तेव्हां राजांच्या वकिलांचें काम संपलें. अशील मात्र गांवोगांव होते.

हा शब्द पुढें लोकांच्या तोंडीं जरा डागाळला हें कबूल केलें पाहिजे. 'वकिली मुद्दा' म्हणजे खरा नसून खरा भासणारा. 'त्याचें वकीलपत्र तूं कां घेतोस?' म्हणजे न विचारतां मधें कां पडतोस, नारदानें दंडनीय ठरविलेलें कृत्य कां करतोस, असा टोमणा. या निंदेंतहि मूळ अर्थाची छाया आहे. सोंपविल्यावांचून बोलणारा आणि सोंपविलेलें विसरून बोलणारा, असे दोघेच लोकांच्या टीकेचे धनी झाले आहेत. समाजाचा दुसरा दोष शब्दांतच उमटला आहे. 'वकिलीणबाई' म्हणजे वकिलाची पत्नी; स्वतः वकिली करणाऱ्या स्त्रीसाठीं भाषेनें जागाच ठेवली नव्हती, कारण कायद्यानेंच ती ठेवली नव्हती. १८६६ मध्यें नाशिक येथें जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीं ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास केला आणि १८९२ मध्यें तेथील परीक्षा दिली. पण स्त्रियांना वकिलीचा दरवाजा निःसंदिग्धपणें उघडणारा कायदा हिंदुस्थानांत १९२३ मध्यें झाला. त्यालाहि शंभर वर्षें होऊन गेलीं. आज जिल्ह्याजिल्ह्यांत स्त्रिया वकिली करतात, आणि 'वकिलीणबाई' हा शब्द नव्या अर्थानें वापरावा कीं टाकून द्यावा याचा मराठीनें अद्याप निर्णय केलेला नाहीं. 'वकील मॅडम' असें म्हणून ती वेळ मारून नेत आहे.

आतां आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतों. राज्यकारभाराचे शब्द आपल्या भाषेंत असावेत ही इच्छा जुनी व योग्य आहे. शिवछत्रपतींनीं राजव्यवहारकोश करविला. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यांत १९३१ मध्यें शासनशब्दांचा कल्पतरु निघाला. सावरकरांनीं भाषाशुद्धीचा पक्ष हिरिरीनें मांडला. आणि ज्या माधव जूलियनांनीं १९२५ मध्यें फारशी-मराठी कोश रचला त्यांनींच १९३८ मध्यें 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. १९६० मध्यें महाराष्ट्र राज्य झालें व त्याच वर्षीं भाषा संचालनालय निघालें. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला. आणि १९९८ मध्यें जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाची भाषा घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदाप्रमाणें इंग्रजीच राहिली. एवढ्या मोठ्या कार्यांत शेंकडों शब्द घडवावे लागले, आणि त्यांतले कित्येक उत्तम वठले. 'याचिका', 'मृत्युपत्र', 'प्रतिज्ञापत्र', 'न्यायमूर्ति' हे शब्द आज कोणासहि समजावून द्यावे लागत नाहींत. ते संस्कृत आहेत म्हणून चांगले नव्हेत, तर याचना, मृत्यु, प्रतिज्ञा आणि न्याय हे घरांतलेच शब्द आहेत म्हणून चांगले.

परंतु 'वकील' या शब्दाच्या जागीं 'विधिज्ञ' येऊं लागला, तेव्हां कांहीं तरी हरवलें. विधि म्हणजे शास्त्राची आज्ञा, हा मीमांसकांचा अर्थ पंडितांस ठाऊक आहे. पण मराठी घरांत विधि म्हणजे लग्नविधि नाहीं तर अंत्यविधि. 'विधि महाविद्यालय' ही पाटी वाचून एखाद्या आजीबाईनें आपल्या नातवाला पौरोहित्यासाठीं तेथें घालण्याचा विचार केला तर दोष तिच्याकडे कसा द्यावा? याहून मोठा आक्षेप असा कीं, 'विधिज्ञ' हा शब्द षष्ठी घेत नाहीं. 'माझा वकील' असें कोणीहि म्हणतो. 'माझा विधिज्ञ' असें म्हणून पाहा, जीभ अडखळते. विधिज्ञ कोणाचाच नसतो. तो आपल्या विद्येचा धनी असतो. सभेंत हार घालतांना हा शब्द शोभेल. पण ज्याला आपलें घर वांचवायचें आहे त्याला तो धीर देत नाहीं.

'अधिवक्ता' या शब्दाला मात्र न्याय दिला पाहिजे. १९६१ च्या कायद्यापासून हा सरकारी शब्द रूढ झाला, आणि अनेकांस तो बोजड वाटतो. परंतु ज्या घरांत रुद्राचीं आवर्तनें होतात तेथें हा शब्द शतकानुशतकें म्हटला गेला आहे. रुद्राध्यायांत तें रुद्राचेंच विशेषण आहे, आणि त्याचा अर्थ बाजू घेऊन बोलणारा, रक्षणकर्ता, असा करतात. म्हणजे जन्मानें हा शब्द वकिलाचाच सख्खा भाऊ आहे. अडचण अशी कीं 'अधि' म्हटल्यावर आजच्या कानाला अधिकारी, अधीक्षक, अधिपति ऐकूं येतात, आणि बाजू घेणारा दिसण्याऐवजीं वर बसणारा दिसतो. शब्द चांगला असूनहि त्याची ओळख करून देणारें कोणी नसलें म्हणजे असें होतें. 'सरकारी अभियोक्ता' आणि 'निर्णीत ऋणको' यांना तर एवढीहि सबब नाहीं. ज्याच्या घरावर जप्ती यायची त्याच्या हातीं पडलेल्या नोटिशींत 'जप्ती' हा एकच शब्द त्याला समजावा, आणि 'निर्णीत ऋणको' म्हणजे आपणच हें त्याला दुसऱ्यानें सांगावें, ही मराठीची सेवा नव्हे. इंग्रजी नोटीस त्याला कळत नव्हती, तेव्हां निदान 'ही आपली भाषा नव्हे' असें समाधान होतें.

यावर असें उत्तर दिलें जातें कीं, कायद्याला नेमकेपणा हवा. लोकभाषेंतले शब्द सैल असतात. हा आक्षेप पोकळ नाहीं. 'गुन्हा' हा फारशींत पाप असा अर्थ असलेला शब्द कायद्यांत तोलूनच वापरावा लागतो. पण नेमकेपणा शब्दाच्या अनोळखीपणांतून येत नाहीं. तो व्याख्येंतून येतो. 'जामीन' हा घरगुती शब्द न्यायालयांत इतक्या वर्षांत कधीं सैल पडला नाहीं. नुसतें नांव बदलल्यानें लोकांची भाषा बदलते असेंहि नाहीं. १८६० ची दंड संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलांत आली. फसवणुकीचें कलम आतां ३१८ वें आहे, तरी लबाड मनुष्य मराठींत 'चारशेवीस'च राहिला. लोक शब्द स्वीकारतात ते अनुभवाच्या मोबदल्यांत. राजपत्राच्या आज्ञेनें नव्हे.

म्हणून फारशी विरुद्ध संस्कृत हा वाद आम्हांस गौण वाटतो. कायद्याच्या शब्दाची कसोटी एकच असावी: ज्याचें काम चाललें आहे तो मनुष्य संध्याकाळीं घरीं गेल्यावर, 'आज काय झालें?' या बायकोच्या प्रश्नाला तो शब्द वापरून उत्तर देऊं शकतो काय? फिर्याद, साक्ष, जामीन, याचिका, कैफियत हे शब्द या कसोटीस उतरतात. त्यांचें मूळ अरबस्थानांत असो वा आर्यावर्तांत. जे उतरत नाहींत ते बदलावेत, किंवा अधिवक्त्यासारखे असतील तर शाळेंत त्यांची ओळख तरी करून द्यावी. १९२० मध्यें डॉ. आंबेडकरांनीं आपल्या पत्राला 'मूकनायक' हें नांव दिलें. त्या वेळीं ते बॅरिस्टर व्हावयाचे होते. पण वकील या शब्दाचा याहून भरीव अर्थ दुसऱ्या कोणत्याहि मराठी शब्दांत आम्हांस सांपडला नाहीं. ज्याला बोलतां येत नाहीं किंवा बोलूं दिलें जात नाहीं, त्याच्या वतीनें बोलणें, हें ज्या धंद्याचें मूळ, त्या धंद्याची भाषाच त्या मुक्याला कळेनाशी व्हावी यापरती विसंगति नाहीं. कोशकारांनीं नवा शब्द कोशांत घालण्यापूर्वीं तो एकदां अशिलाच्या तोंडीं घालून पाहावा, एवढीच आमची सूचना आहे.